परिशिष्ट : अडगळ कीं साक्ष ?

विद्यार्थ्यांच्या संशोधन-प्रकल्पांना जोडलेलें परिशिष्ट हा कांहीं रणें माजविण्याजोगा विषय आहे, असें कोणास वाटणार नाहीं. आम्हांसही तो तसा वाटत नव्हता. परंतु मागें एका अभ्यासमंडळाच्या बैठकींत आमच्या एका विद्वान् सहकाऱ्यांनीं असा ठराव पुढें आणला कीं, प्रकल्पांतून परिशिष्ट हा भागच अजिबात काढून टाकावा. तें कोणी वाचीत नाहीं. मग न वाचल्या जाणाऱ्या कागदासाठीं गरीब विद्यार्थ्यांस छपाईचा आणि बांधणीचा भुर्दंड कां? ठरावाच्या पुष्ट्यर्थ त्यांनीं शेजारच्या कपाटांतून एक प्रकल्प काढून सभेपुढें धरला. निबंध ४८ पृष्ठांचा, परिशिष्टें ७१ पृष्ठांचीं ! नाकापेक्षां मोती जड, असें कोणीसें म्हणालें, हशा पिकला, आणि ठराव संमत होण्याच्या बेतास आला. आम्हीं विरोध केला खरा. पण हशापुढें युक्तिवाद टिकत नाहीं. त्या दिवशीं जें धड बोलतां आलें नाहीं, तें येथें सावकाश सांगण्याचा आमचा विचार आहे.

प्रथम त्या ७१ पृष्ठांत काय होतें तें सांगितलें पाहिजे. महाविद्यालयानें सरपंचास लिहिलेलें विनंतिपत्र, सरपंचाचें उत्तर, विद्यार्थी, मार्गदर्शक आणि सरपंच असे तिघे ओळीनें उभे असलेलें रंगीत छायाचित्र, त्याच तिघांचें बसलेल्या स्थितींतील दुसरें छायाचित्र, तालुक्याचा नकाशा, संगणकावरून उतरविलेला, एका शासननिर्णयाची समग्र प्रत, एका कायद्याचीं पहिलीं वीस पृष्ठें, कार्यशाळेस हजर राहिल्याचें प्रमाणपत्र, आणि सरतेशेवटीं माहिती देणाऱ्यांची यादी, तींत प्रत्येकाचें नांव, भ्रमणध्वनि-क्रमांक आणि सही अथवा आंगठा. जी एक वस्तु वाचकास हवी होती, म्हणजे त्या माणसांना नेमकें काय विचारलें आणि तीं काय बोललीं, ती मात्र त्या सबंध बाडांत कोठें नव्हती.

अशा परिशिष्टाबद्दल आमच्या सहकाऱ्यांस आलेला वीट आम्ही समजूं शकतों. परंतु घरांत अडगळ सांठली म्हणून घराची खोलीच पाडून टाकण्याचा सल्ला कोणी शहाणा देत नाहीं. शिवाय बारकाईनें पाहिलें तर परिशिष्ट फुगविणारा विद्यार्थी आणि तें उडवूं पाहणारे प्राध्यापक हे दोघे एकाच समजुतीचे आहेत. परिशिष्ट वाचण्यासाठीं नसतें, ही ती समजूत. एकजण म्हणतो, वाचणार नाहींत, मग वाटेल तें भरूं. दुसरे म्हणतात, वाचीत नाहीं, मग ठेवा कशाला? आमचा वाद या समजुतीशीं आहे. निबंधाचा एखादा भाग परीक्षकानें घाईघाईनें वाचला तर एक वेळ चालेल, परंतु परिशिष्ट त्यानें बोट ठेवून वाचलें पाहिजे, असें आमचें मत आहे. कारण निबंधांत विद्यार्थी आपलें म्हणणें सांगतो, आणि परिशिष्टांत तो दुसऱ्यास तें म्हणणें तपासण्याचीं साधनें देतो. आम्ही तर याहून पुढें जातों. *परिशिष्टांत काय घालावें, या प्रश्नाचें उत्तर एकच : ज्याच्या आधारें वाचकास आमचें म्हणणें खोडून काढतां येईल, तें.*

हें वाक्य कोणास विचित्र वाटेल. आपल्याविरुद्धचें हत्यार आपणच परक्याच्या हातीं द्यावें, हा कोठला शहाणपणा ? परंतु ज्यांस आपण खरे पंडित म्हणून मानतों त्यांनीं हेंच केलें आहे. पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिरानें महाभारताची चिकित्सित आवृत्ति काढण्याचें काम १९१९ सालीं हातीं घेतलें आणि तें १९६६ सालीं पुरें झालें. त्यांतील आदिपर्व डॉ. विष्णु सीताराम सुखटणकर यांच्या संपादकत्वाखालीं १९३३ सालीं पूर्ण झालें. व्यासांनीं सांगावें आणि गणपतीनें लिहावें, ही कथा आपल्याकडे लहान मुलासही ठाऊक आहे. सुखटणकरांनीं हस्तलिखितांची साक्ष तोलून पाहिली आणि ती कथा मूळ संहितेंतून बाहेर काढली. हें धैर्य मोठें खरें. पण आमच्या मतें त्याहूनही मोठें काम त्यांनीं पुढें केलें. ती कथा त्यांनीं फेंकून दिली नाहीं. परिशिष्टांत ती छापली, कोणत्या प्रतींत ती सांपडते तें नोंदलें, तिचे पाठभेद दिले. म्हणजे संपादकाचा निवाडा ज्यास मान्य नसेल, त्यास अपील करण्याचे सर्व कागद संपादकानेंच जोडून दिले. पुढें माडलेन बियार्दो या फ्रेंच विदुषीनें अशा संहितेच्या मूळ तत्त्वासच आक्षेप घेतला. असा आक्षेप घेणारासही आपला पक्ष मांडण्यासाठीं याच आवृत्तीचीं टिपणें आणि परिशिष्टें उघडावीं लागतात. ज्या ग्रंथाच्या विरोधकासही त्या ग्रंथावांचून गत्यंतर नाहीं, तो ग्रंथ खरा.

दुसरें उदाहरण याहून रोखठोक आहे. लाहोरच्या जातपात तोडक मंडळाच्या १९३६ सालच्या परिषदेसाठीं डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनीं लिहिलेलें अध्यक्षीय भाषण मंडळास पेलवलें नाहीं; परिषदच रद्द झाली, आणि तें भाषण बाबासाहेबांनीं स्वतः छापून प्रसिद्ध केलें. त्यावर गांधीजींनीं आपल्या ‘हरिजन’ पत्रांत टीका केली. १९३७ सालीं पुस्तकाची दुसरी आवृत्ति निघाली तेव्हां बाबासाहेबांनीं ती टीका आपल्याच पुस्तकाच्या परिशिष्टांत पुनर्मुद्रित केली आणि तिचें उत्तर दुसऱ्या परिशिष्टांत दिलें. प्रतिपक्षाचा सोयीस्कर सारांश करून त्यावर तुटून पडणें हा आपल्याकडील वादाचा नित्याचा पाठ आहे. येथें प्रतिपक्षी स्वतःच्या शब्दांत वाचकापुढें उभा आहे, आणि निवाडा वाचकाकडे सोंपविलेला आहे. ज्यास आपल्या बाजूचा भरंवसा असतो, त्यासच हें करवतें.

तिसरें उदाहरण आपल्या भाषेचेंच आहे. सर जॉर्ज ग्रियर्सन यांच्या भाषा-पाहणीचा मराठीवरील सातवा खंड १९०५ सालीं निघाला. त्यांत कोंकणी ही मराठीची बोली म्हणून गणली आहे. हा निर्णय पुष्कळांस मान्य नव्हता, आणि १९९२ सालीं कोंकणीस राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचींत, जिला आपलीं वृत्तपत्रें आठवें परिशिष्ट म्हणतात तींत, स्वतंत्र भाषा म्हणून स्थान मिळालें. परंतु ग्रियर्सन यांनीं नुसता निर्णय दिला नव्हता. उधळ्या पुत्राची बायबलांतील एकच कथा ठिकठिकाणच्या बोलींत उतरवून घेऊन ते सारे नमुने त्यांनीं छापले होते. निर्णय वादांत सांपडला तरी नमुने उपयोगीं आहेत; वाद घालणारे दोन्ही पक्ष तेच नमुने हातीं घेऊन बसूं शकतात. मत जुनें होतें, पण प्रामाणिकपणें जोडलेला पुरावा जुना होत नाहीं.

यावर कोणी म्हणेल, थोरामोठ्यांचीं हीं उदाहरणें विशींतल्या मुलामुलींस कशास सांगतां ? त्यांचा प्रकल्प तो केवढा, आणि त्यावर वाद कोण घालणार ? यास उत्तर म्हणून आमच्या समोर घडलेली एक गोष्ट सांगतों. कांहीं वर्षांपूर्वीं एका महाविद्यालयांत आम्ही प्रकल्पांच्या तोंडी परीक्षेस गेलों होतों. एका विद्यार्थिनीनें ऊसतोडणीस जाणाऱ्या स्त्रियांवर प्रकल्प केला होता. मुलगी कष्टाळू होती. हंगामांत फडावर जाऊन, पालांत बसून तिनें स्त्रियांशीं बोलणें केलें होतें. तिच्या निबंधाचा एक निष्कर्ष मात्र आम्हांस खटकला : बहुतेक स्त्रियांवर कर्ज नाहीं. परिशिष्टांत प्रश्नावली होती, ती इंग्रजींत. तींत प्रश्न सरळ होता, कुटुंबावर कर्ज आहे काय ? उत्तरांचा तक्ताही चोख होता. आम्हीं विचारलें, “बाई, हा प्रश्न तुम्हीं त्या स्त्रियांना इंग्रजींतून विचारलात काय ?” ती हंसली. पिशवींतून तिनें चुरगळलेले, ठिकठिकाणीं चहाचे डाग पडलेले मराठी कागद काढले. त्यांवर प्रश्न होता, “तुमच्यावर कर्ज आहे का ?” आणि एका कागदाच्या समासांत तिनें पेन्सिलीनें एका बाईचें उत्तर जसेंच्या तसें टिपून ठेविलें होतें : “कर्ज न्हाई बाई, उचल हाय. घेतली मालकानं, फेडायची दोघांनी.”

ज्यांस हा व्यवहार ठाऊक नाहीं त्यांच्यासाठीं सांगावयाचें तें इतकेंच. हंगामापूर्वीं मुकादम मजुरास जी आगाऊ रक्कम देतो ती उचल. ती पुढें तोडणीच्या मजुरींतून वळती होते, आणि फिटली नाहीं तर बाकी पुढच्या हंगामावर चढते. नवराबायकोची जोडी मिळून ‘एक कोयता’ धरला जातो. अर्थशास्त्राच्या दृष्टीनें उचल हें ऋणच आहे. परंतु त्या स्त्रियांच्या बोलींत कर्ज निराळें आणि उचल निराळी. म्हणून त्यांनीं विचारलेल्या प्रश्नाचें खरें उत्तर दिलें, आणि तक्त्यांत तें खोटें होऊन बसलें ! आणखी एक मौज पाहा. “मालक” म्हणजे त्या बाईच्या तोंडीं नवरा. पण दुसऱ्या एका तक्त्यांत, पैसे कोणाच्या हातीं असतात, या प्रश्नाखालीं तोच शब्द कारखानदार अथवा कामावर लावणारा अशा अर्थानें मोजला गेला होता. बाई नवऱ्याविषयीं बोलत होती आणि प्रबंध कारखान्याविषयीं बोलत होता.

आम्हीं तिला विचारलें, हे कागद परिशिष्टांत कां नाहींत ? ती खालीं मान घालून म्हणाली, “सर म्हणाले, मराठी प्रश्नावली अव्यवस्थित दिसते; इंग्रजींत छान टाइप करून लाव.” त्या सरांचें नांव सांगण्याचें कारण नाहीं, कारण तसे सर प्रत्येक महाविद्यालयांत आहेत, आणि कित्येक वर्षें आम्हीही त्यांतलेच होतों. हत्तीचे खायचे दांत वेगळे आणि दाखवायचे वेगळे, या न्यायानें आपल्याकडे विचारायची प्रश्नावली वेगळी आणि छापायची वेगळी. त्या मुलीचा खरा शोध तिच्या समासांत होता आणि तो पिशवींत पडून राहिला होता. तो प्रकल्प पुढें कोणी आधारास घेतला असता, आणि “ऊसतोडणीच्या स्त्रिया कर्जमुक्त आहेत” हें वाक्य एका लेखांतून दुसऱ्या लेखांत, तेथून एखाद्या अहवालांत गेलें असतें, तर त्याची बाधा कोणास होती ? परीक्षकास नव्हे आणि विद्यापीठासही नव्हे. उचल फेडणाऱ्या त्या बाईस होती.

तेव्हां परिशिष्टांत काय असावें, हें आतां सांगणें सोपें आहे. प्रश्न ज्या भाषेंत आणि ज्या शब्दांत विचारले, त्याच भाषेंत आणि त्याच शब्दांत ते असावेत. काम चालू असतां त्यांत बदल केला असेल तर जुना प्रश्नही असावा. भाषांतर जोडावयाचें तर त्याच्या शेजारीं जोडावें, त्याच्या जागीं नव्हे. स्थानिक शब्दांचा कोश असावा : उचल, कोयता, मालक. माणसांच्या उत्तरांचे आंकडे कोणत्या रीतीनें बनविले, त्याची किल्ली असावी. निबंधांत ज्याचा सारांश आला तो मूळ तक्ता संपूर्ण असावा. किती जणांनीं बोलण्यास नकार दिला, तें असावें. एक-दोन मुलाखती आरंभापासून अखेरपर्यंत, बोलणाराच्या बोलींत, असाव्यात. आणि निष्कर्षाशीं न जुळलेलीं उत्तरें तर सर्वांआधीं असावींत. वाङ्मयाचा विद्यार्थी असेल तर त्यानें ज्या आवृत्त्या पाहिल्या त्यांतील पाठभेद द्यावे, आणि ज्या जुन्या मासिकांतील लेख सहज मिळत नाहीं त्याची प्रत जोडावी. विज्ञानाचा असेल तर उपकरणाचीं मूळ वाचनें द्यावींत, बिघडलेल्या प्रयोगांचींही.

काय नसावें, तेंही थोडक्यांत. छायाचित्र जर कांहीं सिद्ध करीत नसेल तर तें घरच्या संग्रहांत ठेवावें. शासननिर्णय आणि कायदे सर्वत्र मिळतात; त्यांचा क्रमांक व दिनांक पुरे. विनंतिपत्रांसाठीं ऋणनिर्देशाची एक ओळ आहे. आणि ज्यावांचून निबंधाचा युक्तिवाद समजतच नाहीं, असें कांहीं शब्दमर्यादेच्या भयानें परिशिष्टांत लपवूं नये. तें मूळ निबंधांतच पाहिजे. याची कसोटीही सोपी आहे : निबंधांत ज्या परिशिष्टाकडे एकदांही बोट दाखविलेलें नाहीं, तें परिशिष्ट अनावश्यक समजावें. या कसोटीस लावलें असतां त्या ७१ पृष्ठांपैकीं एकही पृष्ठ उरलें नसतें.

नांवांच्या यादीविषयीं मात्र आम्हांस कठोर बोलणें भाग आहे. माहिती खरोखर गोळा केली, ती वसतिगृहांत बसून मनानें भरली नाहीं, याचा पुरावा म्हणून आपण विद्यार्थ्यांकडून नांवें, क्रमांक आणि सह्या मागतों. शंका आपली, आणि जामीन कोण, तर फडावरची बाई ! मुकादमाविरुद्ध ती चार शब्द बोलली. ते शब्द तिच्या नांवानिशीं आणि आंगठ्यानिशीं ग्रंथालयाच्या कपाटांत किंवा संगणकाच्या जाळ्यांत कायमचे जाऊन बसले. पुढच्या हंगामीं तिला त्याच मुकादमाकडे उचल मागावयाची आहे, हें आपण विसरतों. खरेपणाची खात्री मार्गदर्शकानें मूळ कागद पाहून करून घ्यावी. परिशिष्टांत माणसाच्या जागीं क्रमांक असावा, आणि गांवावरून ओळख पटत असेल तर गांवही झांकावें. पुरावा उघडा ठेवावा आणि माणूस झांकावा, हा नियम आहे. आपण आज नेमके उलटें करतों.

आतां आक्षेपांकडे वळूं. परीक्षकास वेळ कोठें आहे, असें म्हणतात. शंभर प्रकल्प दोन दिवसांत तपासावे लागतात, हें आम्हांस ठाऊक आहे. आम्हींही ते तपासले आहेत. पण मग निबंधाची पहिली तीन प्रकरणें, जीं पुस्तकांवरून उतरविलेलीं असतात, तीं चाळावीं आणि तो वेळ परिशिष्टास द्यावा. दुसरा आक्षेप नव्या काळाचा आहे. हल्लीं निबंधच्या निबंध यंत्राकडून लिहून मिळतो; तेंच यंत्र खोट्या मुलाखतीही रचून देईल, मग परिशिष्टाचें महत्त्व तें काय उरलें ? आमचें उत्तर असें कीं, याच कारणानें तें वाढलें. गुळगुळीत गद्य ही आतां कोणत्याही विद्यार्थ्याच्या योग्यतेची खूण राहिली नाहीं. खोटें परिशिष्टही रचतां येईल, हें कबूल. परंतु समोर बसलेल्या विद्यार्थ्यास त्याच्या परिशिष्टावर पांच प्रश्न विचारले, ही बाई हें कां म्हणाली, हा आंकडा कोणत्या कागदांतून आला, तर आडांत पाणी आहे कीं नाहीं तें पोहऱ्यावरून तेव्हांच कळतें. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानंतर संशोधन ही केवळ पदव्युत्तर वर्गांची बाब राहिलेली नाहीं. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या डिसेंबर २०२२ च्या आराखड्यांत चार वर्षांच्या संशोधनासह ऑनर्स पदवीसाठीं १२ श्रेयांकांचा प्रबंध घातला आहे. पदवीच्या मुलांस संशोधन करा म्हणावयाचें आणि पुरावा मात्र जोडूं नका म्हणावयाचें, हा व्यवहार आमच्या बुद्धीस समजत नाहीं.

हें सारें आम्ही मोठ्या सोवळेपणानें सांगत आहों, असा कोणाचा समज होऊं नये. पंचवीस वर्षांपूर्वीं आम्हीं आपला प्रबंध लिहिला तेव्हां जुन्या मराठी मासिकांच्या फायली चाळून, इंग्रजी कथांवरून बेतलेल्या पण तसें न सांगणाऱ्या कथा आम्हीं मोजल्या. प्रबंधांत त्यांची संख्या दिली. परिशिष्टांत काय दिलें ? त्या मासिकांच्या संपादकांचे अल्पपरिचय, जे कोणत्याही कोशांत मिळाले असते. कोणती कथा कोणत्या इंग्रजी कथेवरून, ही यादी चिठ्ठ्यांवर होती. पदवी मिळाल्यावर घर बदलतांना त्या चिठ्ठ्या रद्दीबरोबर गेल्या. पुढें एका तरुण अभ्यासिकेनें पत्र लिहून अत्यंत नम्रतेनें विचारलें कीं, आपण मोजलेल्या कथांत अमुक कथा धरली आहे काय, कारण ती आपल्या मतें स्वतंत्र आहे. आम्हांस उत्तर देतां आलें नाहीं. आमचा आंकडा बरोबर असेल किंवा चूक असेल. आज तो तपासण्याचा मार्गच कोणास उरलेला नाहीं. चुकीचा आंकडा दुरुस्त करतां येतो. न तपासतां येणारा आंकडा ग्रंथालयांत नुसता पडून राहतो आणि लोक त्याचा आधार घेत राहतात. त्या पत्राची लाज आम्हांस अजून वाटते.

म्हणून आमच्या सहकाऱ्यांस आमची विनंति आहे कीं, ठराव मागें घ्यावा, आणि त्याच्या जागीं दुसरा मांडावा : प्रकल्पाच्या गुणांपैकीं निदान चौथा हिस्सा परिशिष्टास असावा, आणि तोंडी परीक्षेचा पहिला प्रश्न परिशिष्टावरच असावा. विद्यार्थ्यांस सांगावयाचें तें याहूनही थोडें आहे. बांधणीचीं सोनेरी अक्षरें दोन वर्षांत उडतात. पिशवींतले ते चुरगळलेले, समासांत लिहिलेले कागद नीट उतरवून काढा, त्यांतलीं नांवें पुसा, आणि तुमच्या निष्कर्षाच्या पाठीमागें लावा. उद्यां कोणी येईल, ते कागद वाचील आणि तुमचें चुकलें असें दाखवून देईल. तसें झालें तर तुमच्या परिशिष्टानें आपलें काम केलें असें समजा.